कोऱ्या गुडघ्यांच्या विजारी

मास्तरांना माणसं चेहऱ्यापेक्षा कपड्यांवरून लवकर कळायची. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसलेल्या माणसाला ती कळणारच. कोण पोट आत ओढून माप देतो, कोण जुनी विजार काखोटीला मारून येतो आणि ‘धुवून आटली हो’ म्हणतो, हे त्यांना दारातूनच समजे. कापड आटत नाही, आपण फुगतो, असं ते मनातल्या मनात म्हणायचे. तोंडाने मात्र ‘हो ना, हल्लीचं कापडच तसलं’ म्हणून दोन बोटं ढील सोडायचे. गिऱ्हाईक राखायचं तर एवढं खोटं चालतं, असं त्यांचं मत होतं.

मुलांच्या आया आल्या की मात्र मास्तर खरं बोलायचे. एखादी बाई चिमुकली विजार टेबलावर आपटून म्हणायची, “बघा मास्तर, महिन्यात दोन्ही गुडघे फाडून ठेवले कार्ट्याने.” मास्तर भोकातून बोट घालून पलीकडून हलवून दाखवायचे आणि म्हणायचे, “पोरगं ठणठणीत आहे, ताई. ज्याचा गुडघा फाटत नाही त्याची काळजी करा.” बाई हसायची आणि ठिगळ लावून घेऊन जायची.

हे वाक्य त्यांनी किती आयांना ऐकवलं असेल याची मोजदाद नाही. आणि ऐकवताना त्यांच्या उजव्या पायापासून हातभर अंतरावर, दोऱ्याच्या रिळांच्या रिकाम्या खोक्यात, त्यांची स्वतःची नात बसलेली असायची. तिच्या विजारीचे गुडघे कोरे होते.

नात सहा महिन्यांची असताना दुकानात आली. जन्मली तेव्हा शर्टाच्या गुंडीएवढी दिसत होती म्हणून मास्तरांनी तिला गुंडी म्हटलं, ते तिला चिकटलं. जावई लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिना महिना घराचं तोंड बघत नसे. लेक औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. बाळंतपणाची रजा संपली होती आणि आणखी आठवडाभर घरी बसली असती तर जागा गेली असती.

“बाबा, जमेल ना तुम्हाला?” लेकीने विचारलं.

“न जमायला काय झालं? तुला नाही का वाढवली याच दुकानात?”

वाढवली होती ती मास्तरीणबाईंनी. पण त्यांना जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि गेलेल्या माणसाचं श्रेय आपल्या नावावर करून घेतलं तर तक्रार करायला कोणी येत नाही.

पहिल्या दिवशी मास्तरांनी मशीनशेजारी चटई टाकली आणि गुंडीला पालथं ठेवलं. तिने मान वर केली, दोन्ही हात टेकले आणि कण्हत कुथत वीतभर पुढे सरकली. मास्तरांनी मशीन थांबवून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ती चटईच्या बाहेर पोचली. मास्तरांनी सहज खाली बघितलं तर तिची मूठ तोंडाकडे चाललेली, आणि मुठीतून टाचणीचं टोक चकाकत होतं.

ते स्टुलावरून कसे उठले हे त्यांना नंतरही आठवलं नाही. टाचणी काढली. पोरीला ओरखडासुद्धा नव्हता. उलट हातातली गंमत गेली म्हणून तिने भोकाड पसरलं. पण त्या दिवशी मास्तरांना सुईत दोरा काही ओवता येईना, तो काजवालीने ओवून दिला.

काजवाली म्हणजे दुकानात काज-बटणं आणि हातशिलाई करणारी बाई. सुईपेक्षा जीभ धारदार, पण हात त्याहून चांगला, म्हणून मास्तर तिचं ऐकून घेत.

त्याच संध्याकाळी खोका आला. मास्तरांनी त्याच्या कडा कापून त्यावर मऊ कापड शिवलं, तळाला चिंध्यांची गादी घातली, पाठीला उशी लावली. शिंप्याच्या हातचा खोका, तो काय साधा असणार! गुंडी त्यात अशी चपखल बसली की जणू माप घेऊनच बेतला होता. हातात रिकामी रिळं दिली की पोरगी तासन् तास गप्प. रडणं नाही, पडणं नाही. गिऱ्हाइकं वाकून बघायची आणि म्हणायची, “काय शहाणं मूल आहे हो!” मास्तरांची छाती दोन इंच वाढायची.

काजवालीला ते पटत नव्हतं. “मास्तर, पोर आहे का पार्सल? सोडा की जरा खाली.”

“खाली काय काय पडलेलं असतं, ठाऊक आहे ना? वेचायला तू बसणार?”

“मग मागच्या खोलीत सोडा. तिथे कुठे सुया आहेत?”

“आणि तिच्यामागे मी फिरणार. मशीन कोण मारणार? तुझा नवरा?”

“माझा नवरा झोपा मारतो, मशीन नाही,” काजवाली म्हणाली आणि दोरा दाताने तोडला. विषय तिथेच तुटला.

मागच्या खोलीत लेकीने एक जाडसर गोधडी आणून अंथरली होती, पोरीला लोळायला. मास्तरांनी पहिले काही दिवस गुंडीला दहा-पंधरा मिनिटं तिथे सोडलंही. पण मशीनवरून ती खोली दिसत नसे. मग शाळांच्या गणवेशांचा हंगाम आला, दहा मिनिटांची पाच झाली, पाचाची शून्य, आणि हंगाम संपल्यावरही ते शून्यच राहिलं.

संध्याकाळी लेक यायची. उभं राहून राहून तिचे पाय सुजलेले असायचे. तरी पोरीला उचलण्याआधी विचारायची, “आज खेळली का बाबा?”

“खेळली की! मागच्या खोलीत नुसता धुडगूस.”

दिवसभर पेट्या भरून थकलेल्या लेकीच्या तोंडावर एवढ्याने उजेड पडायचा. मास्तरांना वाटायचं, दोन बोटं ढील सोडली तर काय बिघडतं?

गुंडी रांगली नाही. एकोणिसाव्या महिन्यात खोक्याची कड धरून उभी राहिली आणि महिन्याभरात चालू लागली. मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे, “आमची बाई रांगण्याच्या भानगडीत पडलीच नाही. एकदम उभी!” लेकीला मात्र सांगितलं, “अगं, दिवसा रांगते की. तू येतेस तेव्हा दमलेली असते.” चालायला लागल्यावरही दुकानात तिचे पाय जमिनीला लागले नाहीत. उंबऱ्यावर लेकीच्या कडेवरून मास्तरांच्या कडेवर, आणि तिथून खोक्यात. पहिलं वाक्य ती तिथेच बोलली. खोक्यातून वाकून, एक बोट उगारून, अगदी आजोबांच्या थाटात: “खाली सुई!” मास्तरांनी ते आल्यागेल्याला म्हणून दाखवायला लावलं.

गुंडी पाच वर्षांची झाली आणि बालवर्गाच्या बाईंनी लेकीला बोलावून घेतलं. बाई भल्या होत्या, पण यादी लांब होती. मुलगी बाकावर बसते ती दहा मिनिटांत घसरते. फळ्यावरचं अक्षर वहीत उतरवेपर्यंत विसरते. चेंडू अंगावर आला की झेलत नाही, डोळे मिटते. दारातून जाताना चौकटीला खांदा आपटतो. कागदाच्या डाव्या अर्ध्यावर लिहिते आणि उजवा अर्धा जणू नाहीच. “लक्ष नाही असं म्हणवत नाही मला,” बाई म्हणाल्या, “लक्ष देऊन देऊन बिचारी घामेघूम होते.” आणि त्यांनी एका केंद्राचा पत्ता दिला.

केंद्रातल्या थेरपीच्या बाईंनी आधी माहिती विचारली. मान कधी धरली, पालथी कधी पडली, बसली कधी. लेक गोंधळली. “दिवसभर बाबांकडेच असायची. त्यांच्याकडे वही आहे, सगळं टिपून ठेवतात ते.”

म्हणून पुढच्या खेपेला मास्तर मापांची वही घेऊन गेले. गुंडीचं पान त्यांनी अभिमानाने उघडलं. दर महिन्याची उंची, छाती, कंबर, बाही. पहिला दात, तारखेसकट. थेरपीच्या बाईंनी पान वरून खालपर्यंत वाचलं.

“आजोबा, इतकी व्यवस्थित वही मी कोणाकडेच बघितली नाही. पण हे सगळं ती केवढी झाली याचं आहे. तिने काय केलं, ते कुठे आहे?”

मास्तरांनी पान उलटलं. मागे दुसऱ्याच कोणाच्या विजारीचं माप होतं.

“बरं, राहू दे. रांगली किती महिने?”

लेक बाजूला बसली होती, तिने बापाकडे बघितलं. मास्तर म्हणाले, “दोन... तीन महिने. भरपूर रांगली.”

बाईंनी ते छापील अर्जावर लिहिलं. निळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात. मास्तरांना ते उलट्या बाजूनेही वाचता आलं.

मग बाईंनी गुंडीला कापडाच्या बोगद्यासमोर नेलं आणि पलीकडून घुंगरू वाजवलं. गुंडी बोगद्याच्या तोंडाशी जाऊन मांडी घालून बसली. शहाण्यासारखी. ओणवं व्हायला सांगितलं तर कोपर लटपटले आणि हनुवटी जमिनीला टेकली.

त्याच दालनात एक वर्षभराचं पोर आईसोबत आलं होतं. त्याचा चेंडू खुर्चीखाली गेला. पोर हातापायांवर सुसाट निघालं, डोकं खुर्चीला आपटलं, थबकलं, मागे आलं, मान खाली घातली आणि या वेळी आत शिरलं. मग मागचा भाग अडकला. थोडा वेळ ओरडून बघितलं, कोणी आलं नाही, तेव्हा आपलं आपणच उलटं सरकत बाहेर निघालं.

“बघितलंत?” बाई मास्तरांना म्हणाल्या. “लोक म्हणतात खेळतंय. त्याचा अभ्यास चाललाय. खुर्ची किती उंच, मी केवढा, पुढे काय, मागे काय, डावा हात टाकला की उजवा गुडघा कधी. हे सगळं ते अंगाने शिकतंय, आणि अंग शिकतं तसा मेंदूही घडत जातो. खांदे, मान, पाठ तयार होते ती वेगळीच. पुढे बाकावर ताठ बसायला, ओळ न सोडता वाचायला हीच शिदोरी कामाला येते.”

मास्तर बघत राहिले. ते पोर मापं घेत होतं. खुर्चीचं, जमिनीचं, स्वतःचं. चाळीस वर्षं मापं घेणाऱ्या माणसाला ते न सांगता दिसलं. गुंडीची मापं त्यांनी दर महिन्याला घेतली होती. तिला मात्र कशाचंच माप घेऊ दिलं नव्हतं.

“पण ही तर रांगलीय म्हणता,” बाई अर्जाकडे बघत म्हणाल्या. “मग मला दुसरीकडे शोधावं लागेल. गरोदरपणात काही त्रास? बाळंतपणात?”

केंद्रातून सगळे लेकीच्या घरी आले. गुंडीला झोपवून लेक स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली.

“म्हणजे माझ्याच पोटात बिघडलं काहीतरी.”

“कोण म्हणालं असं?”

“म्हणायला कशाला हवं? आठव्या महिन्यापर्यंत उभ्याने काम केलं मी, बाबा. कारखान्यात औषधांचा वास असतो. सुपरवायझर बस म्हणायचा, मी बसले नाही. वाटायचं, बसलं की काढून टाकतील. तुम्ही तिला एवढी खेळवलीत, एवढी जपलीत. आणि मी तिला आधीच...” तिने तोंडावर पदराचा बोळा धरला आणि आवाज न करता रडू लागली. पोर जागी होऊ नये म्हणून.

मास्तरांनी भांडं उचललं, पाणी प्यायले, भांडं ठेवलं. खरं सांगितलं तर पोर उद्यापासून दुकानात येणार नाही, हे त्यांना लख्ख दिसत होतं. गुंडी म्हणजे त्यांचा दिवस होता. तिच्या शाळेची व्हॅन दुपारी दुकानाशी थांबायची, आणि सकाळपासूनची प्रत्येक टीप ते त्या थांबण्याच्या दिशेने मारायचे.

त्या रात्री ते न सांगताच आपल्या घरी गेले. सकाळी लेक गुंडीला शाळेत सोडून दुकानावरून निघाली, तेव्हा त्यांनी हाक मारली. “आत ये. पाच मिनिटं.”

“उशीर होईल बाबा.”

“होऊ दे.”

कापायच्या टेबलावर त्यांनी गुंडीच्या तान्हेपणच्या विजारी ओळीने मांडल्या होत्या. लहान झाल्या तशा धुवून पिशवीत ठेवलेल्या. अकरा होत्या. सगळ्या त्यांच्याच हातच्या.

“गुडघे बघ,” ते म्हणाले.

लेकीने एक उचलली, मग दुसरी. बुडाशी कापड विरलं होतं, पार जाळी झाली होती. गुडघ्यांवर मात्र रंग जसाच्या तसा, कडक, दुकानातून आणल्यासारखा.

“रांगलेल्या पोराची विजार अशी नसते,” मास्तर म्हणाले. “ती बसलेल्या पोराची आहे. मी तिला खाली सोडलीच नाही. मागच्या खोलीतही नाही. सकाळी खोक्यात ठेवायचो आणि तू यायच्या वेळेला उचलायचो. तुझ्या पोटात काही बिघडलं नव्हतं. काल मी बाईंना खोटं सांगितलं. आज जा, आणि खरं लिहून घ्यायला सांग.”

काजवाली कोपऱ्यात होती. तिची सुई थांबली.

“मी रोज विचारायचे,” लेक म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. “रोज, बाबा. दीड वर्ष. एक दिवस म्हणाला असतात, नाही गं खेळली आज, तर मी घरी गेल्यावर खेळवली असती. दमलेली असेल म्हणून मी तिला सरळ निजवायचे.”

“सुया होत्या खाली. तिच्या मुठीत टाचणी...”

“सुया माझ्या वेळी नव्हत्या का?”

मास्तर टेबलावरची टेप गुंडाळू लागले.

“आई रोज सकाळी ते चुंबक फिरवायची. सगळ्या जमिनीवर, टेबलाखाली, मशीनखाली. दुपारी परत. मग मला सोडायची. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं ते कशासाठी?”

भिंतीवर खिळ्याला, दोरीत बांधलेलं, फुटक्या लाउडस्पीकरमधून काढलेलं ते गोल लोहचुंबक अजून टांगलेलं होतं. मास्तरांना ते माहीत होतंच. बायको हे जमिनीवरून ओढत फिरायची तेव्हा ते चेष्टा करायचे, “चार टाचण्यांसाठी किती गं जीव टाकतेस! दे सोडून, नवी डबी आणतो.” ती नुसती हसायची. तिला कंजूष ठरवून त्यांनी तो विषय बंद केला होता, आणि ती गेल्यावर चुंबक मशीनच्या दोऱ्याच्या बॉबिनी चिकटवून ठेवायला बरं पडलं होतं.

“माझे गुडघे कायम काळे असायचे,” लेक म्हणाली. तिने विजारी गोळा केल्या, पिशवीत भरल्या आणि पिशवी घेऊन गेली.

त्या दिवशी दुपारी व्हॅन दुकानाशी थांबली नाही. हॉर्न वाजवून पुढे गेली.

लेकीने भांडण केलं नाही, नातं तोडलं नाही. केंद्राजवळ राहणाऱ्या एका मैत्रिणीकडे दुपारची सोय लावली. तिच्याकडे अंगण होतं. रविवारी फोन यायचा. थेरपीच्या बाई काय म्हणाल्या तेही लेक सांगायची: एकट्या खोक्यावर बोट ठेवता येत नाही, काही मुलं न रांगताही छान शिकतात, पण हिला हलायला मिळालं नाही हे खरं, आणि आता मिळालं तर पुष्कळ भरून निघेल, सावकाश. “सावकाश” हा शब्द ती दोनदा म्हणायची.

मास्तरांनी खोका मोडला. रोज सकाळी बॉबिनी काढून चुंबक जमिनीवर ओढायला लागले. टेबलाखाली जायचं तर गुडघ्यांवर यावं लागे. पहिल्या दिवशी दोन मुठी भरतील एवढं लोखंड निघालं.

“आता कोणासाठी हो मास्तर?” काजवालीच्या तोंडून निघून गेलं. मास्तर टेबलाखाली चुंबक ओढतच राहिले. दुसऱ्या दिवसापासून ती अर्धा तास लवकर येऊन मशीनखालचा भाग करू लागली. त्यावर तिने कधी एक शब्दही टाकला नाही, आणि तिच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

संध्याकाळी मास्तर गुंडीसाठी विजारी शिवायचे. गुडघ्याला आतून दुहेरी कापड, मध्ये कापूस, वरून बारीक चौकटींची टीप. माप नसल्याने अंदाजाने कापाव्या लागत. पाच महिने तिचं पान कोरं होतं.

सहाव्या महिन्यात, एका सुट्टीच्या दुपारी, लेक उंबऱ्याशी उभी राहिली. हाताला धरून गुंडी. उंच झाली होती. अंगात त्यांनी पाठवलेली विजार होती, आणि मास्तरांनी सगळ्यात आधी बघितलं ते गुडघ्यांकडे. उजव्यावर मातीचा डाग होता. डाव्यावर नव्हता. एक तर एक.

“पाच मिनिटांसाठीच आलोय,” लेक म्हणाली. “तिला यायचं होतं.”

गुंडीने सवयीने दोन्ही हात वर केले. उचलून घ्या म्हणून.

मास्तर स्टुलावरून उठले. उचलायला पुढे गेले आणि मध्येच थांबले. मग सावकाश, एक हात मशीनला लावून, खाली बसले; गुडघे टेकले, तळवे टेकले. सगळी जमीन त्यांच्यासमोर स्वच्छ पडली होती. सकाळी दोनदा चुंबक फिरलं होतं.

“ये,” ते म्हणाले. “अशी ये. माझ्यासारखी. आजोबांना शीव.”

गुंडीने जमिनीकडे बघितलं. इकडून तिकडे, टेबलाच्या पायापासून दारापर्यंत. मग ती एक पाऊल मागे सरकून आईला चिकटली, आणि मास्तरांकडे बघताना तिच्या कपाळावर आठी पडली. बालवर्गातल्या बाई म्हणायच्या, हिच्या काही ध्यानात राहत नाही. तिने एक बोट उगारलं.

“आजोबा, ऊठ. खाली सुई असते.”

“नाही गं, सोन्या. आता नाही. बघ.” मास्तरांनी तळहात जमिनीवरून फिरवला. या बाजूला, त्या बाजूला, मग गुडघ्यांवर दोन हात पुढे सरकले आणि उलटा तळहात तिला दाखवला. “बघ. काही नाही लागलं.”

“टोचेल,” गुंडी म्हणाली, आणि तिचा ओठ थरथरला. “ऊठ ना.”

लेक तोंड फिरवून रस्त्याकडे बघत होती. मास्तर आणखी एक हात पुढे सरकले. उंबरा अजून लांब होता.